ट्रेडल म्हणण्यास मनाई

“साक्षीदार त्या वेळी हसत होता की नव्हता, याचा या चौकशीशी संबंध काय?” चौकशी अधिकाऱ्यांनी चष्मा काढून मला विचारले.

“मूळ संबंध तोच आहे,” मी म्हणालो. “माझा प्रश्न आणि साक्षीदाराचे उत्तर, दोन्ही नोंदवून घ्यावीत. प्रश्न अप्रस्तुत वाटत असेल, तर तो नाकारल्याची नोंद करावी. तीही मला चालेल.”

चौकशी छापखान्याच्या कागदाच्या गोदामात चालली होती. रिमांच्या थप्प्यांमध्ये एक टेबल टाकले होते. टेबलामागे मालकांनी नेमलेले चौकशी अधिकारी होते. ते नागपुरात सीताबर्डीवर वकिली करीत आणि मराठीत इंग्रजीइतकेच मोजके बोलत. समोर साक्षीदार म्हणून वसंता नावाचा, छपाईची अक्षरे जुळवणारा कंपोझिटर उभा होता. माझ्या शेजारी, स्टुलावर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून दामोदर बसला होता. आरोपी तो होता.

“विचारा,” अधिकारी म्हणाले.

“वसंता, दामोदरने छपाईचा फर्मा ढकलून पाडला, त्याच्या आधी तुम्ही हसत होता का?”

वसंताने दाराकडे पाहिले. दारात कोणी नव्हते, तरी त्याने पाहिले. “सगळेच हसून राहिले होते, साहेब.”

“मी सगळ्यांचे विचारले नाही.”

“हो. मी बी हसलो.”

“कशाला?”

यावर त्याने माझ्या मते संपूर्ण चौकशीतील सर्वांत प्रामाणिक उत्तर दिले. “नाही हसलो तर गुलाबभाऊ पाहते ना.”

हा प्रसंग सत्तरच्या दशकातला आहे. तो आता लिहिण्याचे कारण असे. आमच्या वस्तीतील एका शाळेत एका मुलाला रोज घेरून चिडवतात, असे माझ्या कानावर आले. मी मुख्याध्यापकांना पत्र लिहिले. उत्तर सौजन्यपूर्ण होते. मुलांमध्ये थोडीफार मस्करी चालायचीच, असे त्यात लिहिले होते. ‘मस्करी’ या शब्दाशी माझे जुने वैर आहे. ते का, हे एकदा नीट सांगितले पाहिजे.

मी त्या छापखान्यात हेड प्रूफरीडर होतो. छापखाना इतवारीच्या बाजूला होता आणि तेथे प्रामुख्याने कायद्यांची मराठी पुस्तके, नियमावल्या, सरकारी नमुने असा मजकूर छापला जाई. आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेले कायदे अक्षर अक्षर तपासल्यामुळे मला कायद्याची गोडी लागली. गोडी म्हणजे काय, खोडच लागली. अन्याय दिसला की मी पत्र लिहीत असे, आणि पत्रात कलम घालत असे. छापखान्यात मला ‘वकील’ म्हणत. त्यात आदर फारसा नव्हता; पण मी ते मनावर घेतले नाही. मला उलट उत्तर देता येत होते. हा फरक पुढे महत्त्वाचा आहे.

प्रूफ कसे तपासतात, हे सांगतो. त्या काळी शिशाचे खिळे, म्हणजे सुट्या अक्षरांचे ठसे, एकेक जुळवून पान तयार होई. त्या पानाचा कच्चा छाप म्हणजे प्रूफ. ते मूळ हस्तलिखिताशी ताडून पाहायला दोन माणसे लागतात. एक जण मूळ मजकूर मोठ्याने वाचतो. तो कॉपीहोल्डर. दुसरा प्रुफावर डोळे ठेवून ऐकतो आणि चुका दुरुस्त करतो. तो मी. कॉपीहोल्डरने केवळ शब्द वाचून भागत नाही. त्याला विरामचिन्हेही उच्चारावी लागतात. ‘मालक स्वल्प भाडेकरू स्वल्प व पोटभाडेकरू यांनी पूर्ण’ असे. कायद्यात एक स्वल्पविराम हलला, तर एखाद्याचे घर जाऊ शकते. त्यामुळे हे वाचन सावकाश, एका सुरात, दिवसभर चालते. बाहेरच्या माणसाला वाटावे, आत कोणी पोथी लावली आहे.

दामोदर नागपूरजवळच्या खाप्याचा. त्याच्या वडिलांनी छप्पन साली नागपुरात धम्मदीक्षा घेतली होती. मुलाने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. तो मॅट्रिक झाला आणि कामाच्या शोधात आमच्याकडे आला. बोलताना तो अडखळत असे. पहिले अक्षर ओठांवर यायचे आणि तेथेच अडून राहायचे. मालकांनी त्याला माझ्याकडे पाठवले, ते माझी गंमत करावी म्हणूनच. तोतरा माणूस कॉपीहोल्डर, ही कल्पना त्यांना मजेशीर वाटली असावी. मी त्याच्या हातात एक हस्तलिखित दिले आणि वाच म्हटले.

त्याने वाचले. एकाही ठिकाणी न थांबता, स्वच्छ, एका लयीत. मी पान संपेपर्यंत डोळे वर केले नाहीत. नंतर विचारले, हे कसे. त्याने मोठ्या कष्टाने सांगितले, की विहारात सगळ्यांबरोबर वंदना म्हणताना त्याची जीभ कधी अडकत नाही. वाचताना तीच चाल तो मनात धरतो. स्वतःचे बोलायचे असले, की चाल सापडत नाही.

त्याच्या बोलण्यातील अडखळणे मी येथे अक्षरांत छापणार नाही. का, ते पुढे कळेल.

पुढे कित्येक वर्षे आम्ही एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. त्याच्यासारखा कॉपीहोल्डर मला त्याच्या आधी मिळाला नव्हता.

आता गुलाबभाऊंविषयी. गुलाबभाऊ कंपोझिंग खात्याचे फोरमन. त्यांना दुष्ट ठरवून मोकळे होता आले असते, तर हे लेखन सोपे झाले असते. परंतु ते दुष्ट नव्हते. कोणाच्या मुलीचे लग्न असो, कोणाच्या घरी प्रेत असो, गुलाबभाऊ सर्वांत आधी हजर. आठ पानांचा फर्मा त्यांच्यासारखा कोणी आवळत नसे. फर्मा म्हणजे लोखंडी चौकटीत पक्की बसवलेली खिळ्यांची पाने, जी तशीच उचलून मशीनवर चढवतात. शिवाय ते फार हसवत. खिळे जुळवण्याचे काम उभ्याने, मान खाली घालून करायचे असते. तेथे हसवणारा माणूस हा राजा असतो. आणि राजाला रोज काहीतरी शिकार लागते.

दामोदरला ‘ट्रेडल’ हे नाव त्यांनीच दिले. ट्रेडल हे छापखान्यातील लहान यंत्र. पायाने दाबत राहिले, की ते खट खट खट करीत एकेक कागद छापते. नाव इतके चपखल होते, की पहिल्या दिवशी मला स्वतःला त्यातली कल्पकता जाणवली. महिन्याभरात सगळा छापखाना त्याला ट्रेडल म्हणू लागला. पगार वाटणारा कारकूनही “ट्रेडल, सही कर” म्हणे.

त्यानंतर खेळ ठरून गेला. मधल्या सुट्टीत चहाची ऑर्डर द्यायला दामोदरलाच धाडायचे आणि टपरीवाल्याने घाई करायची. टेलिफोन वाजला, की “ट्रेडल, घे गा, तुह्यासाठीच हाय” म्हणून तो त्याच्या हातात द्यायचा. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करीत राही, इकडे खाते पोट धरून हसे. तो एखादा शब्द काढायला लागला, की गुलाबभाऊ पायाने जमिनीवर ताल धरत. खट, खट, खट. बाकीचे साथ देत.

त्याची जात कोणी काढत नसे. ते कायद्याने गुन्हा झाले होते आणि कायद्याची पुस्तके आम्हीच छापत होतो. परंतु मी पाहत होतो. छापखान्यात एक काणा होता, एक लंगडा होता, आणि मला ‘वकील’ म्हणत ते वेगळेच. ताल मात्र एकट्या दामोदरसाठी धरला जात असे. ज्या अपमानाला कलम आहे, तो सोडून त्याच माणसाचा दुसरा अपमान शोधायचा, यात आमच्या समाजाची बुद्धी मी फार वेळा चालताना पाहिली आहे.

मी मालकांना पत्र लिहिले. मग दुसरे लिहिले. मालकांनी मला बोलावून चहा दिला. “अहो, गुलाबराव म्हणजे खात्याचा जीव आहे. पोरे हसतात-खेळतात म्हणून काम होते. त्याने दामोदरला कधी हात लावला का?”

“नाही.”

“शिवी दिली?”

“नाही.”

“मग मी कोणत्या नियमाखाली काय करू? तुम्हीच सांगा, वकीलसाहेब.”

मी स्थायी आदेश काढून बसलो. स्थायी आदेश म्हणजे कारखान्यात काय केल्यास काय शिक्षा, याची नियमावली. उशिरा येणे, कामावर झोपणे, दारू पिऊन येणे, वरिष्ठांची अवज्ञा, मालमत्तेचे नुकसान, सारे काही त्यात होते. एका माणसाला रोज थोडे थोडे मारण्याचे कलम तेवढे नव्हते. मालकांचे म्हणणे कायदेशीरदृष्ट्या बरोबर होते, आणि त्याचाच मला संताप आला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, हे नागपूरकरांना सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. पिवळी आणि काळी अशा दोन मारबतींची मिरवणूक निघते, तिच्या मागे बडगे. बडग्या म्हणजे कागद-चिंध्यांचा पुतळा. समाजाला जे जे पीडते, त्याचा बडग्या करून त्याला गावाबाहेर न्यायचे आणि जाळायचे. “ईडा, पीडा, घेऊन जा गे मारबत,” अशी आरोळी देतात. आमच्या छापखान्यातही रद्दी कागदाचा एक लहान बडग्या दरवर्षी होत असे. एका वर्षी सतत जाणाऱ्या विजेचा झाला. एका वर्षी शाईच्या फाटक्या रोलरचा. मालकही येऊन हसून जात. प्रथा चांगली होती. ज्याने त्रास होतो, त्याला नाव देऊन घालवणे, यात शहाणपण आहे.

त्या वर्षी मी आणि दामोदर सकाळी आलो, तर अंगणातल्या लिंबाला बडग्या टांगलेला. अंगात दामोदर घाली तसला निळा सदरा. तोंडाच्या जागी ट्रेडलच्या तुटक्या रोलरचे दोन तुकडे, दोरीने असे बांधलेले की दोरी ओढली म्हणजे उघडझाप होई. दोरी गुलाबभाऊंच्या हातात.

सगळे खाते गोळा झाले होते. गुलाबभाऊ प्रेमानेच म्हणाले, “ये गा ट्रेडल. आज तुही पीडा घालवून देऊ. एकदा आरोळी दे, नीट, न अटकता. दिली का सोडलं तुले. मग कोणी काही म्हणणार नाही.”

दामोदरने प्रयत्न केला, हे मला आजही सहन होत नाही. त्याला वाटले, खरेच सुटका होईल. तो पहिल्या अक्षरावर अडकला. गुलाबभाऊंनी दोरी ओढली. तोंड उघडले, मिटले. खात्याने पायांनी ताल धरला. त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा ताल. मी “पुरे करा” म्हणालो, दोनदा म्हणालो. माझा आवाज हशात गेला.

मग दामोदर वळला आणि आत गेला. फर्मे आवळायच्या टेबलावर एक तयार फर्मा मशीनवर न्यायला काठाशी सरकवून ठेवला होता. त्याने तो दोन्ही हातांनी ढकलला. लोखंडाचा आवाज झाला आणि आठ पानांचे खिळे फरशीवर पावसासारखे पसरले. कित्येक दिवसांचे काम होते. गुलाबभाऊंच्या हातचे होते.

हशा थांबला. दामोदर खाली बसला आणि खिळे वेचू लागला.

दुसऱ्या दिवशी त्याला निलंबित केले. आरोपपत्र एका वाक्याचे होते: मालकांच्या मालमत्तेचे हेतुपुरस्सर नुकसान. ते शाबीत झाले, तर शिक्षा बडतर्फीची. अशा चौकशीत आरोपी कामगाराच्या बाजूने एखादा सहकारी उभा राहू शकतो. मी उभा राहिलो.

तो संध्याकाळी माझ्या घरी आला. मी त्याला विचारले, “तुला या चौकशीतून काय हवे आहे? मला स्पष्ट सांग, म्हणजे तसे मांडता येईल.”

त्याला वेळ लागला. मी थांबलो. तो म्हणाला, “नोकरी पाहिजे. अन् त्याईनं मले माह्या नावानं हाक मारली पाहिजे. बाकी मले काही नोको.”

मी कागदावर दोन मुद्दे लिहिले. नोकरी. नाव. वाटले, पहिला अवघड आहे, दुसरा सोपा.

आता पुन्हा गोदामात. वसंतानंतर गुलाबभाऊ साक्षीला आले. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. सरळ उत्तरे दिली. फर्मा दामोदरनेच पाडला, आपण पाहिले. चिडवले का? मस्करी केली. रोज? रोजच चालते, साहेब, घरच्यासारखं. त्याचा राग येत होता का त्याला? कधी बोलला नाही बुवा.

या शेवटच्या उत्तरावर अधिकाऱ्यांच्या कारकुनाने हसू दाबले. गुलाबभाऊंना विनोद करायचा नव्हता, त्यांच्या तोंडून तो निघून गेला. मी कारकुनाच्या हसण्याचीही नोंद घ्यावी म्हणालो. अधिकाऱ्यांनी नोंद घेतली नाही; पण कारकुनाला बाहेर पाठवले.

मी गुलाबभाऊंना एकच प्रश्न विचारायचे ठरवले होते. “ज्याच्याविरुद्ध तुम्ही साक्ष देत आहात, त्याचे पूर्ण नाव सांगा.”

“ट्रेड...” एवढे ते बोलून गेले आणि थांबले. मग म्हणाले, “दामोदर.”

“पुढे?”

गुलाबभाऊ दामोदरकडे पाहत राहिले. इतकी वर्षे एका छपराखाली गेली होती. सगळ्या खात्याच्या पोरांची, सुनांची, व्याह्यांची नावे त्यांना तोंडपाठ होती. “पुढचं मले ठाऊक नाही,” ते हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. मला त्या क्षणी जिंकल्यासारखे वाटले.

मग आरोपीचा जबाब. तो तोंडी झाला पाहिजे, असे अधिकारी म्हणाले. लिहून आणलेला कागद म्हणजे शिकवलेला जबाब. मी म्हणालो, आरोपीला आपली बाजू पुरेपूर मांडण्याची संधी मिळावी, हे नैसर्गिक न्यायाचे पहिले तत्त्व. ज्या माणसाला पाहून वाचता येते पण पाहिल्यावाचून बोलता येत नाही, त्याच्या हातातला कागद काढून घेणे म्हणजे त्याचे तोंड बांधणे. अधिकाऱ्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि वाचू द्या म्हणाले.

जबाब त्याने स्वतः लिहिला होता. सवयीने माझा हात पेनाकडे गेला होता, पण मी त्यावर एकही खूण केली नव्हती. तो उभा राहिला. कागद छातीच्या उंचीवर धरला, जसा रोज धरत असे, आणि त्याच सुरात वाचू लागला.

“माझे नाव दामोदर सदाशिव मेश्राम पूर्ण. मी येथे कॉपीहोल्डर आहे पूर्ण. फर्मा मी पाडला स्वल्प हे खरे आहे पूर्ण. तो पडला तेव्हा मला वाईट वाटले स्वल्प कारण त्यातले प्रत्येक पान मी वाचले होते पूर्ण. परिच्छेद. मला येथे ट्रेडल म्हणतात पूर्ण. ट्रेडल पायाने चालवतात पूर्ण. ते चालवणाऱ्याचा पाय थांबला स्वल्प तर ते आपोआप थांबते पूर्ण. मी कोणाचा पाय धरू शकत नाही पूर्ण. परिच्छेद. बडग्या पीडेचा करतात पूर्ण. मी कोणाला काय पीडा दिली प्रश्नचिन्ह. ती मला सांगावी स्वल्प म्हणजे मी ती देणार नाही पूर्ण.”

तो कोठेही अडखळला नाही. स्वल्प आणि पूर्ण तो म्हणतो आहे, हे त्याला जाणवतही नव्हते. वाचन म्हणजे तसेच, असे त्याच्या जिभेला ठाऊक होते. अधिकाऱ्यांनी लिहिणे थांबवले होते. गुलाबभाऊ दारापाशी उभे होते. ते टोपी काढून हातात घेऊन उभे होते, एवढे मला आठवते.

निकाल लागला. आरोप शाबीत, परंतु कृत्य दीर्घकाळच्या चिथावणीमुळे घडले, हे अधिकाऱ्यांनी मान्य केले. बडतर्फीऐवजी लेखी ताकीद. गुलाबभाऊंनाही ताकीद. त्याखेरीज मालकांनी एक नोटीस लावावी, अशी शिफारस. नोटिशीचा मसुदा मालकांनी माझ्याकडेच सोपवला. मी तो मन लावून केला. कोणत्याही कामगारास त्याच्या व्यंगावरून, वाणीवरून वा टोपणनावाने संबोधण्यास, तसेच त्याची नक्कल करण्यास सक्त मनाई आहे. उल्लंघन करणारा शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र राहील. गुलाबभाऊंच्याच खात्यात ती जुळवली गेली. मूळ मजकूर दामोदरने वाचला, प्रूफ मी तपासले. छापून दारावर लागली.

दुसऱ्या दिवसापासून ट्रेडल हा शब्द छापखान्यातून नाहीसा झाला. टेलिफोन त्याच्या हातात देणे थांबले. पायाचा ताल थांबला. मी आठवडाभर छाती काढून फिरलो. वर्तमानपत्राला एक पत्रही लिहिले, नावे न घेता. ते छापून आले.

मग हळूहळू मला ऐकू येऊ लागले, की काहीच ऐकू येत नाही.

दामोदर आत आला, की कंपोझिंग खाते गप्प होई. तो गेला, की बोलणे सुरू. चहाची आरोळी त्याच्यापर्यंत येण्याआधी थांबे. प्रूफ मागायचे असले, तर कोणी दारात येऊन “ते प्रूफ” म्हणे, भिंतीकडे पाहून. फारच गरज पडली, तर “ओ” म्हणत. वसंताच्या लग्नाची पत्रिका सगळ्यांना हातोहात मिळाली. दामोदरची पत्रिका माझ्या टेबलावर ठेवून गेले. तिच्यावर नाव घातलेले नव्हते.

मी गुलाबभाऊंना गाठले. मी रागाने विचारले, की हा कसला बहिष्कार मांडला आहे.

त्यांनी हातातली खिळ्यांची केस खाली ठेवली. “बहिष्कार नाही, वकीलसाहेब. भेव हाय. काय बोलावं? बोललो अन् चुकलं तर केस. पोरं म्हणतात, भाऊ, न बोललेलं बरं.”

“मग दामोदर म्हणा. त्याला दुसरे काही नको आहे.”

“म्हणून पाह्यलं,” ते म्हणाले. “घरी, एकटाच असताना. तोंडात येतच नाही. लाज वाटते.”

मला त्यांचा इतका राग आला, की मी तसाच निघून आलो. ते खरे बोलत होते, हे मला फार उशिरा पटले.

काही महिन्यांनी दामोदरने राजीनामा दिला. खाप्याला त्याच्या भावाचा हातमाग होता, तेथे काम पाहायचे ठरवले होते. मी त्याला थांबवण्याचा प्रयत्न केला. नोटीस दाखवली. तक्रार कर, मी उभा राहतो, म्हणालो. तो म्हणाला, “कशाची तक्रार करू? कोणीच काही म्हणत नाही.” आणि हसला. याला उत्तर देणारे कलम मी आजवर शोधतो आहे.

शेवटच्या दिवशी त्याने एक हस्तलिखित वाचले, तसेच, सावकाश. शेवटी “पूर्ण” म्हणून कागद खाली ठेवला, माझ्या पाया पडू लागला, मी पडू दिले नाही. मग तो कंपोझिंग खात्यातून निघाला. माझ्या टेबलावरून दार दिसत असे.

गुलाबभाऊ फर्मा आवळत होते. दामोदर त्यांच्यासमोर थांबला. कागद हातात नव्हता. ‘ग’ला फार वेळ लागला. मी सगळ्यांच्या पायांकडे पाहत होतो. एकही पाय हलला नाही. कोणी हसले नाही. सगळे खाते हातातले खिळे हातातच धरून थांबले होते, आणि मला वाटले, हेच तर इतकी वर्षे हवे होते, थांबणे.

“गुलाबभाऊ, येतो,” दामोदर म्हणाला.

गुलाबभाऊंनी मान वर केली. ओठ उघडले. काहीतरी पहिले अक्षर त्यांच्या ओठांवर आले आणि तेथेच अडले. ते मी स्पष्ट पाहिले.

“बरं,” शेवटी ते म्हणाले. “या.”

नोटीस पुढे अनेक वर्षे दारावर होती. कागद पिवळा पडला, कोपरे गेले, तरी अक्षर स्वच्छ होते. जाता-येता मी ती प्रूफरीडरच्या नजरेने वाचत असे. तिच्यात एकही चूक नव्हती. ट्रेडल म्हणण्यास मनाई होती. दामोदर म्हणावे, असे तिच्यात कोठेही लिहिलेले नव्हते. आणि लिहिले असते, तरी ते कोणत्या कलमाखाली बजावता आले असते, हे मला सांगता येत नाही. मुख्याध्यापकांना मी पुन्हा पत्र लिहिले आहे. या वेळी त्यात कलम घातलेले नाही. त्या मुलाचे नाव वर्गातल्या किती मुलांना ठाऊक आहे, एवढेच विचारले आहे.